बंब बोलूं लागला म्हणजे

मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे न्हाणीघरांतला बंब पेटल्यावांचून एकत्र कुटुंबाचा दिवस सुरू होत नाहीं, असा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर खांडबारा हें गांव आहे. अशा गांवीं विजेचा गीझर आतां कोणास नवा राहिलेला नाहीं. तरी घरांत आंघोळीचीं माणसें दहा-बारा, विजेचा भरंवसा बेताचा आणि सरपण हाताशीं, अशी स्थिति असली म्हणजे आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब अडगळींत टाकण्यास कोणाचें मन धजत नाहीं. तो टाकूं नये असेंच आमचेंही मत आहे. मात्र त्यास एक अट आहे. जुना बंब बोलूं लागला म्हणजे तो काय म्हणतो, हें घरांतील कोणी तरी समजून घेतलें पाहिजे.

बहुधा घडतें तें निराळेंच. बंबांतून पूर्वीं कधीं न ऐकलेली खडखड किंवा गुरगुर येऊं लागली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आतां हा फुटणार, मोडींत काढा", दुसरा म्हणतो, "जुनीं भांडीं कुरकुरायचींच, तिकडे लक्ष देऊं नका." दोन्ही पक्षांनीं निदानापूर्वींच निकाल दिलेला असतो. वैद्य नाडी पाहून मग औषध सांगतो, तोच क्रम येथेंही योग्य आहे.

प्रथम बंबाची रचना ध्यानीं घ्यावी. पुण्याच्या तांबट आळींत किंवा अन्य ठिकाणीं तांबटांनीं तांब्याचा पत्रा मठारून घडविलेलें हें एक उभें भांडें असतें. त्याच्या मधोमध आरपार एक नळी असते. नळींत खालच्या जाळीवर ढलप्या, गोवऱ्या किंवा कोळसे जळतात, राख खालीं पडते आणि धूर वरच्या धुराड्यानें बाहेर जातो. नळीच्या भोंवतीं पाणी असतें. म्हणजे विस्तव पोटांत आणि पाणी अंगाभोंवतीं, अशी ही योजना आहे. पाणी ओतण्याचें तोंड वर उघडें असतें, व या उघड्या तोंडाचें महत्त्व पुढें सांगावयाचें आहे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलरही नळ्यांतून विस्तवाची धग नेऊन भोंवतालचें पाणी तापवीत असे. तापी खोऱ्यांतील लोहमार्गावर धांवणारीं तीं इंजिनें आतां गेलीं. त्यांचें लहानसें भावंड आमच्या न्हाणीघरांत मात्र राहिलें आहे.

आतां आवाजांकडे वळूं. पहिला आवाज म्हणजे बंबाचें गाणें. विस्तव पेटून कांहीं वेळ गेला कीं बारीक सूं सूं असा नाद सुरू होतो. नळीला चिकटून असलेलें पाणी आधीं तापतें व तेथें वाफेचे लहान लहान बुडबुडे उठतात. ते सभोंवारच्या थंड पाण्यांत शिरतांच वाफेचें पुन्हां पाणी होतें आणि बुडबुडा चटकन् मिटतो. एका बुडबुड्याचा आवाज कानास कळणार नाहीं. परंतु असे असंख्य बुडबुडे एकसारखे मिटूं लागले म्हणजे त्यांचा मिळून नाद होतो. पुढें सर्वच पाणी उकळीला आलें कीं बुडबुडे न मिटतां वर येऊन फुटतात. तेव्हां गाणें थांबतें आणि मऊ खदखद ऐकूं येते. "बंब गाऊं लागला, आतां लांकूड घालूं नका" असें घरांतल्या आजी म्हणतात, त्यांत शास्त्रार्थ आहे. आंघोळीला चाळीस अंशांच्या आसपासचें पाणी पुरतें. बंब गाऊं लागल्यावर आंतल्या निखाऱ्यांवरच काम भागतें. पुढचें सरपण केवळ वाफ करण्यांत जातें. हा आवाज निरोगी होय.

दुसरा आवाज ठकठक किंवा खडखड असा. आंत कोणी खडे टाकून हालवीत आहे, असें वाटतें. मधूनच एखादा दबका धक्काही ऐकूं येतो. म्हाताऱ्या बंबाची ही नेहमींची तक्रार असून तिचें मूळ बंबांत नसून विहिरींत असतें. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बवायु घेऊन खडकांत मुरतें आणि त्या आम्लतेच्या बळावर चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतें. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मुलुखांत विहिरींचें पाणी पुष्कळदां जड असतें, त्याचें कारण हेंच. असें पाणी तापलें कीं वायु उडून जातो आणि विरघळलेला चुना पांढऱ्या पुटाच्या रूपानें नळीवर बसतो. रोजचें पूट कागदाहूनही पातळ. परंतु वीस वर्षांत त्याचें कवच होतें.

हें कवच उष्णता वाहून नेण्यांत तांब्याहून शेंकडों पटींनीं मंद असतें. त्यामुळें विस्तव नेहमींचाच, पण पाणी उशिरां तापतें आणि नळीचें तांबें मात्र अधिक तापतें. कवचाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याची एकाएकीं वाफ होते, ती कवचाला धक्का देऊन बाहेर पडते, आणि तोच ठोका आपणांस ऐकूं येतो. सुटलेल्या खपल्या उकळत्या पाण्यांत नाचूं लागल्या म्हणजे खडखड होते. निदान पक्कें करावयाचें असेल तर तीन गोष्टी पाहाव्या. पूर्वींपेक्षां सरपण जास्त लागतें काय? तोटींतून पांढरी कचकच येते काय? आणि गार, रिकाम्या बंबावर बोटाच्या पेरानें टिचकी मारली असतां खणखणीत नाद न येतां बद्द आवाज येतो काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आलें तर बंब मोडींत काढण्याचें कारण नाहीं. त्याला धुण्याची गरज आहे. इंजिनाचे बॉयलरसुद्धां ठराविक काळानें थंड करून आंतून धुवावे लागत.

उपाय सोपा आहे. विस्तव नसतांना, गार बंबांत कोमट पाणी भरावें व दर दहा लिटरांस सुमारें शंभर ते दीडशें ग्रॅम लिंबूसत्त्व त्यांत विरघळवून तीन-चार तास राहूं द्यावें. फसफस ऐकूं आली तर समजावें कीं चुना विरघळत आहे. त्यांतून निघणारा वायु सुटून जावा म्हणून तोंड उघडेंच ठेवावें. नंतर पाणी ओतून देऊन दोन-तीनदां स्वच्छ पाण्यानें खळबळून घ्यावें. पूट जाड असेल तर आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां करावें. फरशी धुण्याचें जहाल ॲसिड मात्र कधींही वापरूं नये. तें सांध्यांचा डाख खातें आणि त्याच्या वाफा छातीस बाधतात. बंबांतलें पाणी, विशेषतः धुतल्यानंतरचें, स्वयंपाकास किंवा पिण्यास घेऊं नये, हें मुलांनाही सांगून ठेवावें.

तिसरा आवाज सुटा टक् असा असतो. विस्तव पेटतांना व विझल्यावर तो ऐकूं येतो आणि मध्यंतरीं नसतो. ही धातूची ताण-आखड होय. हातभर, म्हणजे सुमारें पंचेचाळीस सेंटिमीटर, लांबीची तांब्याची नळी ऐंशी अंशांनीं तापली तर अर्ध्या मिलिमीटरहून कांहीं अधिक वाढते आणि निवतांना तितकीच आखडते. एखादा सांधा किंवा खालची तिवई ही वाढ सहज होऊं देत नसेल तर ती झटक्यानें होते. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. तिवई समतल आहे ना व जाळी सैल झाली नाहीं ना, एवढें पाहावें.

चौथ्या आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करूं नये. निखाऱ्यांतून चर्र असा आवाज येऊं लागला आणि सकाळीं राख ओली सांपडली, तर नळीस किंवा सांध्यास छिद्र पडलें आहे असें खुशाल समजावें. बहुधा कधीं तरी बंब पाण्यावांचून पेटला गेलेला असतो. कथील आणि शिसें यांच्या मिश्रणाचा डाख १८३ अंशांपासून वितळूं लागतो. भोंवतीं पाणी आहे तोंवर तांबें शंभर अंशांच्या फारसें वर जात नाहीं. पाणी संपलें कीं तें पाहतां पाहतां त्याच्या पुढें जातें. म्हणून आधीं पाणी व मग विस्तव, हा नियम घरांतील प्रत्येकाच्या अंगवळणीं पडला पाहिजे. छिद्रावर बाजारांतलें लुकण थापून भागत नाहीं. बंब तांबटाकडे न्यावा.

पांचवा आवाज गडगड व फुरफुर असा. त्याबरोबर तोंडांतून गरम पाण्याच्या चिळकांड्याही उडतात. पाणी खळखळून उकळत असून वाफेला वाट अपुरी पडते, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळीं पाणी उडूं नये म्हणून तोंडांत बोळा कोंबणें किंवा घट्ट झांकण ठोकून बसविणें, यासारखा आत्मघात दुसरा नाहीं. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेंत सोळाशें लिटरांहून अधिक वाफ होते. तिला वाट मिळाली नाहीं तर ती तांब्याचा पत्रा फाडून वाट काढील. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकानें १६७९ सालीं बंद भांड्यांत वाफेवर अन्न शिजविण्याचें यंत्र दाखविलें, तेव्हां त्यास दाब सोडणारी झडप जोडावी लागली. आपल्या प्रेशर कुकरच्या शिटीचें कूळ तेथपर्यंत पोंचतें. बंबाला अशी झडप नसते. उघडें तोंड हीच त्याची झडप होय. आंघोळीच्या गडबडींत चिळकांड्या उडूं लागल्या तर तोंडाजवळ न जातां खालचे निखारे चिमट्यानें ओढून घ्यावे आणि पाणी आपोआप शांत होऊं द्यावें.

ज्यांच्या घरीं गीझर आला आहे त्यांनींही हें विसरूं नये. गीझर सर्व बाजूंनीं बंद असल्यामुळें त्यास तापमान राखणारी कळ आणि दाब सोडणारी झडप अशा दोन राखणदारांवर विसंबावें लागतें. त्यांतील खडखड बहुधा विजेच्या कांडीवर बसलेल्या चुन्याचीच असते. झडपेंतून पाणी ठिबकूं लागलें तर ती आपलें काम करीत असण्याचा संभव असतो. ठिबक थांबावी म्हणून तिला खुंटी मारणें म्हणजे राखणदाराचें तोंड बांधणें होय. जाणत्या कारागिरास बोलवावें हेंच बरें.

येथवर जे आवाज सांगितले त्यांतील प्रत्येक जण निदान आपली वर्दी देतो. परंतु बंबाचा सर्वांत घातक दोष मुका आहे. हवा अपुरी पडून कोळसा नीट न जळल्यास कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आवाजही नाहीं. रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें, आणि शरीर आंतल्या आंत गुदमरतें. डोकें जड होणें, घेरी, मळमळ हीं त्याचीं चिन्हें. आणि तीं कळेपर्यंत उठून कडी काढण्याचें बळ उरलेलें नसतें. एमिल झोला हा फ्रेंच कादंबरीकार सप्टेंबर १९०२ मध्यें पॅरिसमधील आपल्या घरीं असाच गेला. निजण्याच्या खोलींतील शेगडीचें धुराडें तुंबलें होतें. गॅसवर चालणारा गीझर कोंदट न्हाणीघरांत लावल्यानें आपल्याकडेही असे मृत्यु घडले आहेत.

थंडी लागते म्हणून न्हाणीघराची खिडकी चिंध्यांनीं बुजविण्याची चाल आम्हीं अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहे. बंब शक्य तर पडवींत किंवा परसदारीं पेटवावा व पाणी बादलीनें आंत न्यावें. तसें शक्य नसेल तर खिडकी उघडी राहिलीच पाहिजे, आणि धुराड्यांतील काजळी दर महिन्यास काढली पाहिजे. विशेषतः बाळंतिणीच्या व वृद्धांच्या खोलींत शेकासाठीं ठेवलेले निखारे दारें लावून रात्रभर राहूं देऊं नयेत.

दाबाखालीं वाफ करणाऱ्या बॉयलरांसाठीं आपल्या देशांत १९२३ सालीं कायदा झाला. २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. कारखान्यांतील बॉयलर तपासण्यास सरकारी तपासनीस येतो. न्हाणीघरांतल्या उघड्या बंबाकडे कोणी येणार नाहीं. तें काम घरांतल्यांनींच केलें पाहिजे. पहाटे सर्वांच्या आधीं उठून जी माउली बंब पेटविते, तिच्या कानाला त्याचा रोजचा सूर ठाऊक असतो, आणि तो बदलला तर प्रथम तिलाच कळतें. ती म्हणाली कीं आज बंब निराळा वाजतो, तर तें हंसण्यावारी नेऊं नये. पुरुषमंडळींनीं तेवढ्यावर उठून राख पाहावी, तोंड मोकळें आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि खिडकी उघडी आहे ना याची खात्री करून मगच आंघोळीस जावें.