डेटा सायन्सचं एम.टेक. करायचंय? आधी गणित काढा!

डेटा सायन्समध्ये पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी पायथनचा क्लास शोधतात. खरी कसोटी मात्र गणिताची असते.

२०२४ पासून एम.टेक. प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेत डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. तिच्या अभ्यासक्रमात संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलनशास्त्र हे सगळं आहे. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस आणि मशीन लर्निंग त्यांच्या जोडीला.

संख्याशास्त्र इतकं का लागतं? संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकम्ब यांनी १९७३ मध्ये मांडलेलं उदाहरण फार सुंदर आहे. प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच. सरासरी, प्रचरण, सहसंबंध जवळजवळ सारखेच. आलेख काढला की पहिला संच एका सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेपासून फटकून, आणि चौथ्यात तर एका बिंदूनंच अख्खी रेषा ठरवलेली! हे एकदा स्वतः काढून पाहिलं की विषयाची गोडी लागते.

एम.टेक.शिवाय आणखी एक वाट आहे. २०१५ मध्ये सुरू झालेला बिझनेस अॅनालिटिक्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम (पीजीडीबीए) आयआयएम कलकत्ता, भारतीय सांख्यिकी संस्था आणि आयआयटी खरगपूर मिळून चालवतात. व्यवस्थापन, संख्याशास्त्र, तंत्रज्ञान तिन्ही शिकायची ही उत्तम सोय.

तयारी करणाऱ्यांनी बारावीची गणिताची पुस्तकं आजच बाहेर काढावीत.