फिशटँकमधल्या झाडांना कोणते खत घालावे?

ज्यांच्या घरात नातवंडे आहेत त्यांच्या घरी आज ना उद्या फिशटँक येतोच. आमच्याकडेही आला. ६० लिटरची टाकी, बारा निऑन मासे आणि खाली वाळूत लावलेली खरीखुरी झाडे. नातवाने कामे वाटून टाकली, "साबा, मासे मी बघतो, झाडं तू बघ." मी गॅलरीत कढीपत्ता, मिरच्या, गवती चहा वाढवतो, तेव्हा त्याला वाटले ह्यांना झाडांतले सगळे कळते. मलाही तसेच वाटत होते!

महिन्याभरात पाने पिवळी पडू लागली. मी गॅलरीतल्या कुंड्यांचे २०-२०-२० खत सपाट अर्धा चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, पाण्यात विरघळवून टाकीत ओतले. तिसऱ्या दिवशी सकाळी सात मासे पोट वर करून तरंगत होते. "साबा, तू काय घातलंस?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते मी नंतर शोधले.

खतातला पहिला आकडा नत्राचा. तीन ग्रॅममध्ये २० टक्के म्हणजे ६०० मिलिग्रॅम नत्र, ६० लिटरमध्ये पसरले की लिटरमागे १० मिलिग्रॅम. बागेच्या खतात ह्यातला मोठा भाग युरिया किंवा अमोनियमचा असतो आणि युरियाचाही पाण्यात हळूहळू अमोनियाच होतो. पाण्याचा पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात राहतो. पण पीएच ८ आणि उष्णता २५ अंश असली की हेच प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. आमच्या नळाचे पाणी ८ च्या आसपास आहे. माशांच्या कल्ल्यांना लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांशसुद्धा बाधतात, इथे तर त्याच्या कितीतरी पट झाले. कुंडीत मातीने सांभाळून घेतले असते, टाकीत मासे त्याच पाण्यात श्वास घेतात.

म्हणून पहिला नियम: डबीवर युरिया किंवा अमोनियम लिहिलेले असेल तर ती टाकीसाठी नाही. नत्र हवेच असेल तर पोटॅशियम नायट्रेट घ्यावे. ते मृत समुद्राच्या पोटॅशपासून बनते, म्हणजे घरचाच माल. ६० लिटरमध्ये एक ग्रॅम घातले की नायट्रेट सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते. आठवड्याला एवढे पुष्कळ झाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही, तेव्हा ३० ग्रॅम विरघळवून ६०० मिलिलिटर द्रावण करावे. त्यातल्या २० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम येते. हे मीठ आगीला जोर देते, म्हणून शेगडीपासून आणि मुलांपासून लांब ठेवावे.

पण आमच्या पिवळ्या पानांना नत्र नकोच होते! माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून नत्र व फॉस्फेट मिळतच असते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण. २००५ साली अश्कलोनचा प्रकल्प सुरू झाल्यापासून आपल्या नळांत समुद्राचे गोडे केलेले पाणी वाढत गेले. त्यात चुनखडीतून कॅल्शियम परत घालतात, मॅग्नेशियम मात्र फारसे राहत नाही. त्यावर साधे एप्सम सॉल्ट, बिनवासाचे, ६० लिटरला तीन ग्रॅम घालावे. पाणी बदलले की तेवढ्या पाण्याच्या हिशेबानेच पुन्हा.

नवी पाने फिकट येत असतील तर लोह कमी पडते आहे. इथे दुकानात विचारावे, लोह कशात बांधलेले आहे. ईडीटीए प्रकारचे लोह आपल्या अल्कधर्मी पाण्यात लवकर सुटून वाया जाते, डीटीपीए जरा बरे. संत्र्याच्या बागांना घालतात ते ईडीडीएचए सर्वांत टिकाऊ, पण टाकीचे पाणी लालसर होते. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे काय, कोकम सरबत केलंय का?" लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत मिसळू नये, साका बसतो.

कोळंब्या पाळणाऱ्यांनी तांब्याकडे लक्ष द्यावे. झाडांच्या खतातले अगदी थोडे तांबे चालते, शेवाळ मारण्याच्या औषधातले कॉपर सल्फेट मात्र त्यांना मारते. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळते ते बहुधा ग्लुटारअल्डिहाइड असते. ते खत नव्हे, आणि त्याने व्हॅलिस्नेरियाची लांब पाने विरघळतात.

क्रिप्टोकोरीन हे झाड आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवते. ते मुळांनी खाते, म्हणून वाळूत खताची गोळी खोचावी. तिच्यातही अमोनियम असू शकते, तेव्हा लेबल पाहावे आणि खोचलेली गोळी उकरून वर काढू नये. नव्या टाकीत क्रिप्टोकोरीनची पाने गळतात. घाबरून खत वाढवू नये, महिन्याभरात नवी फुटतात.

आम्ही आता दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो. वाचलेले पाच मासे धडधाकट आहेत, सहा नवे आणले. खत मी मोजतो, पण ओतायच्या आधी नातू लेबल वाचतो.