लिनक्सवरचा लॅपटॉप (लेखांक ९) : गोठलेली स्क्रीन

चालू लॅपटॉपची स्क्रीन एका चित्रावर थबकते, कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकत नाही, कळा दाबून काही होत नाही. लॅपटॉप हँग झाला असे म्हणून अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरले जाते. लिनक्सवर ही घाई दुहेरी नडते. डिस्कवर उतरायची राहिलेली माहिती जातेच, शिवाय बिघाडाचा पुरावाही जातो. स्क्रीनवरचे चित्र तयार करण्याचे काम लिनक्समध्ये अनेक थरांत वाटलेले आहे. त्यातला नेमका कोणता थर अडकला हे चित्र गोठलेले असतानाच सर्वांत सहज कळते.

तळाशी ग्राफिक्स चिप असते. तिला हाताळणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो : इंटेलच्या बहुतेक चिपसाठी आय-९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा कंपनीने दिलेला ड्रायव्हर. त्यावर मेसा ही लायब्ररी. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पावर लिनक्समधले बहुतेक त्रिमितीय चित्रण आजही उभे आहे. सर्वांत वर कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून अंतिम चित्र जुळवणारा प्रोग्रॅम. जुन्या व्यवस्थेत कंपोझिटर आणि कर्नल यांच्यामध्ये एक्स सर्व्हर असतो; वेलँड या नव्या व्यवस्थेत ते कामही कंपोझिटरच करतो.

पहिली चाचणी म्हणून कॅप्स लॉकची कळ दाबून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दिवा लागला तर कर्नल जिवंत, नाही लागला तर मेला, असा त्याचा अर्थ लावतात. तो अर्धाच खरा आहे. डेस्कटॉप चालू असताना हा दिवा एक्स सर्व्हर किंवा कंपोझिटरच्या सांगण्यावरून लागतो. त्यामुळे दिवा लागला तर कर्नल आणि हा वरचा थर दोन्ही शाबूत आहेत हे खरे. पण लागला नाही म्हणून कर्नल संपला असे ठरत नाही. दिवा आपोआप लुकलुकू लागला तर मात्र तो बहुधा कर्नल पॅनिक असतो आणि मग रीबूटशिवाय इलाज नाही.

माउसचा बाण फिरतो पण क्लिक लागू होत नाही, ही निराळी खूण. बाण बहुधा हार्डवेअरच्या स्वतंत्र पातळीवर काढला जातो. तो हलत असेल तर खालचे थर ठीक आहेत आणि दोष कंपोझिटरमध्ये किंवा एखाद्या प्रोग्रॅममध्ये शोधावा. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी कन्सोल उघडतो का ते पाहतात. हा बदलही वरचा थरच करून देतो, म्हणून तो पुरता अडकला असेल तर याही कळा निकामी ठरतात.

सर्वांत भरवशाची चाचणी बाहेरून होते. लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर आधीच बसवून ठेवलेला असेल, तर त्याच वायफायवरच्या दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून लॉग-इन करता येते. लॉग-इन झाले म्हणजे यंत्र चालू आहे, अडकले आहे ते फक्त चित्र. तिथूनच डीमेसेज या आज्ञेने कर्नलचे ताजे संदेश वाचता येतात आणि डिस्प्ले मॅनेजर (लॉग-इनचा पडदा आणि डेस्कटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करता येतो. उघड्या खिडक्यांतले न साठवलेले काम जाते, पण यंत्र बंद करावे लागत नाही.

एसएसएच नसेल तर कर्नलचा स्वतःचा आपत्कालीन दरवाजा आहे : ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन (काही कीबोर्डवर एफएन कळीसह) दाबून ठेवायच्या आणि आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबायची. आर कीबोर्डचा ताबा डेस्कटॉपकडून काढून घेतो, ई आणि आय प्रोग्रॅम बंद करतात, एस डेटा डिस्कवर उतरवतो, यू फाइल सिस्टिम फक्त वाचनापुरती ठेवतो, बी रीबूट करतो. मात्र सगळी अक्षरे सगळीकडे चालत नाहीत. उबंटूमध्ये ही सोय १७६ या मूल्यावर ठेवलेली असते. म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज. तेवढ्यात एस, यू आणि बी ही तीनच बसतात. डेबियनच्या ४३८ मध्ये आरही चालतो. सिससीटीएलच्या सेटिंगमध्ये कर्नल डॉट सिसआरक्यू याचे मूल्य १ केले की सगळी खुली होतात.

गोठणे हळूहळू आले, म्हणजे आधी बाण अडखळला, गाणे तुटक वाजू लागले आणि मग सगळे थांबले, तर ग्राफिक्सवर आळ घेण्याआधी रॅम पाहावी. ब्राउझरच्या ढीगभर टॅबनी रॅम भरली की कर्नल डिस्कशी पाने अदलाबदल करण्यातच गुंततो आणि दिसायला ते अगदी स्क्रीन गोठल्यासारखेच दिसते.

रीबूटनंतर पहिले काम नोंदी वाचण्याचे. जर्नलसीटीएल या आज्ञेला बी उणे-एक आणि के हे पर्याय दिले की मागच्या सत्रातले कर्नलचे संदेश मिळतात. अट एवढीच की जर्नल डिस्कवर साठवले जात असावे. इंटेलच्या यंत्रावर ‘जीपीयू हँग’ हे शब्द, एएमडीवर ‘रिंग जीएफएक्स’ आणि ‘टाइमआउट’, एनव्हिडियावर ‘एक्सआयडी’ आणि त्यापुढचा क्रमांक शोधावा. एक्सआयडी ७९ याचा अर्थ चिपशी संपर्कच तुटला. त्यामागे वीजपुरवठा, उष्णता किंवा हार्डवेअरचा दोष असू शकतो.

नोंद मध्येच तुटली असेल आणि तक्रारीचा एकही शब्द नसेल, तर ग्राफिक्सबाहेरही पाहावे लागते. इंटेलच्या बे ट्रेल मालिकेचे उदाहरण बोलके आहे. सेलेरॉन एन२८४० किंवा पेंटियम एन३५४० असलेले स्वस्त लॅपटॉप लिनक्सवर अचानक थिजत, पुष्कळदा व्हिडिओ चालू असताना. त्यामुळे संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जाई. कर्नलच्या बगझिलामध्ये १०९०५१ या क्रमांकाखाली ही तक्रार वर्षानुवर्षे चर्चेत राहिली. धागा निघाला प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या अवस्थांशी, म्हणजे सी-स्टेटशी. इंटेल-आयडल ड्रायव्हरची कमाल सी-स्टेट १ वर रोखली की गोठणे थांबे. किंमत मोजायची ती बॅटरीने.

खुद्द ग्राफिक्समध्येही वीजबचत हा नेहमीचा संशयित. पॅनेल सेल्फ रिफ्रेश ऊर्फ पीएसआर या सोयीत चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनेल स्वतःच्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहते आणि चिपकडून येणारा दुवा झोपतो. तो वेळेवर जागा झाला नाही तर टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात, किंवा माउस हलवेपर्यंत जुनेच चित्र राहते. आय-९१५ साठी ‘एनेबल पीएसआर’ हा पर्याय ० करून हा संशय तपासता येतो.

असे पर्याय थेट कायमचे लिहू नयेत. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत हवी ती नोंद निवडून ई दाबावे, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय जोडावा आणि एफ१० दाबावे. तो तेवढ्या एका बूटपुरता लागू होतो. एका वेळी एकच. पाच पर्याय एकदम घातले आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळत नाही. ‘नोमोडसेट’ हा पर्याय सगळ्या रोगांवर सुचवला जातो. वस्तुतः तो कर्नलचे ग्राफिक्स ड्रायव्हरच बाजूला ठेवतो. गोठणे थांबते, पण वेगही जातो आणि पुष्कळदा प्रकाश कमी-जास्त करण्याची सोयही. निदानापुरता ठीक, वापरासाठी नाही.

त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग. नव्या लॅपटॉपवर उलट : कर्नल, मेसा आणि लिनक्स-फर्मवेअर हे तिन्ही ताजे हवेत. एक्सवर चालणाऱ्या जुन्या इंटेल यंत्रांत कधी कधी वेगळा इंटेल ड्रायव्हर बसवलेला सापडतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१४ मधली आहे. तो काढून एक्समधला मोडसेटिंग ड्रायव्हर वापरणे बरे.

आधीचा आणि ताजा, दोन्ही कर्नल गोठत असतील, नोंदी कोऱ्या असतील, तर मेमटेस्टने रॅम रात्रभर तपासावी आणि पंख्यातली धूळ काढावी. दोष ड्रायव्हरचाच ठरला, तर तो कळवताना कर्नलची आवृत्ती, एलएसपीसीआयने दाखवलेला चिपचा क्रमांक आणि गोठण्याच्या क्षणाची पूर्ण नोंद जोडावी. ‘माझा लॅपटॉप हँग होतो’ एवढ्यावर कोणताही ड्रायव्हर दुरुस्त होत नाही.