कासोट्यापासून हाफ पँटपर्यंत

कपडा ही वस्तू वरवर साधी दिसते. पण माणसाची जात, त्याची ऐपत आणि बाईची समाजातली पायरी ही सगळी त्या कपड्यावर लिहिलेली असते. खेळाच्या कपड्यावर तर ती अधिकच ठळक उमटते. हे मला पुस्तकातून नव्हे, घाटनांदूरच्या माझ्या घरातच कळले.

२०२४ सालच्या पावसाळ्यात आमची आठवीतली मुलगी शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली. घरात आनंद झाला. चार दिवसांनी तिने संघाचा गणवेश आणला. टी-शर्ट आणि गुडघ्याच्या वर येणारी हाफ पँट! घर एकदम गप्प झाले. ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न सर्वांत आधी माझ्याच तोंडून निघाला. जयंतीच्या स्टेजवरून स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा मी लेकीला म्हणालो, ‘‘सलवार घालून खेळ.’’

ती सलवार घालून खेळली. हुलकावणी देऊन वळताना सलवारीत पाय अडकला, पडली आणि बाद झाली. गुडघा फुटला तो वेगळाच. रात्री हळद लावताना ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र राहवले नाही. मी माझ्या बाजूने थेट महाड काढले.

महाडचे लुगडे

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या आपल्या माय-भगिनींना बाबासाहेबांनी सांगितले होते की, लुगडे वरिष्ठ वर्गातल्या बायकांसारखे नेसा, अंगावरचे जड चांदी-कथलाचे दागिने टाकून द्या. कारण गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि ते दागिने ही अस्पृश्यतेची ओळखखूण झाली होती. बायांनी ते ऐकले आणि तिथल्या तिथे लुगड्याची तऱ्हा बदलली. ‘‘म्हणजे पाय झाका असेच बाबासाहेबांनी सांगितले ना?’’ मी म्हणालो.

माझी आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने अर्धे आयुष्य ऊसतोडीत काढलेले. ती म्हणाली, ‘‘कोयत्यावर असताना आमी कासोटा गुडघ्याच्या वर खोचायचो. तव्हा मुकादमानं, कारखान्यानं, तुज्या बापानं, कुनीच लाज काढली न्हाई. कामाला पाय उघडे चालत्यात, मंग पोरीच्या खेळालाच का न्हाई?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. महाडचा अर्थ मी उलटा लावला होता. तिथे प्रश्न लुगड्याच्या लांबीचा नव्हताच. कोणी काय नेसायचे हे दुसऱ्याने ठरवून दिले होते, ते मोडायचे होते.

पोशाख एक, कप वेगळा

कपडा एक झाला म्हणजे माणूस आपोआप बरोबरीचा होतो, असेही नाही. चर्मकार समाजातले थोर गोलंदाज पाळवणकर बाळू पुण्याच्या हिंदू संघातून खेळत. मैदानावर सगळ्यांसारखाच पांढरा पोशाख. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या कपात चहा! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तेव्हा कुठे त्यांचे मोठेपण झाकणे कठीण झाले.

पाण्याची गोष्ट तर आपल्याला ठाऊकच आहे. आमच्या भागात पोहायला शिकायचे ते विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्याने ढकलून द्यायचे. अंगावर एक चड्डी बास! पण ज्या विहिरीचे पाणी ओंजळीत घ्यायची आपल्या बापजाद्यांना बंदी, तिथे उडी कुठली? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यालो म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला. तो खटला मुंबई हायकोर्टात संपायला १९३७ साल उजाडले.

पुढे मुलगे पाण्यात उतरले. मुली मात्र अजून काठावरच आहेत, कारण काय घालून उतरायचे हा प्रश्न सुटत नाही. पण पाण्याला विहिरीवर जाते ती मुलगीच ना? पाय घसरला तर पोहता येत नाही आणि ओली साडी खाली ओढते. म्हणजे पोहण्याचा कपडा ही नुसती फॅशन नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

विलायतेतही तेच

हे आपल्याकडेच आहे असे समजू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या बायाही लोकरीचा झगा आणि लांब पायमोजे घालून समुद्रात जात. त्यात पोहणे कसले, नुसते डुंबणे! ऑलिंपिकमध्ये बायांना पोहायची संधी मिळाली ती १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगालची अकरा वर्षांची आरती साहा भारतातर्फे पोहली. १९५९ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. असे करणारी ती आशियातली पहिली स्त्री.

आता दुसरे टोक बघा. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल खेळणाऱ्या मुलींनी बिकिनी नाकारली आणि चड्डी घातली, म्हणून त्यांच्या संघाला १५०० युरो दंड झाला! जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा त्याच वर्षी नियम बदलला. कुठे झाका म्हणून सक्ती, तर कुठे उघडे पडा म्हणून सक्ती. दोन्हीकडे खेळणारीला विचारतो कोण?

आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण घेऊन आला. तो चड्डी-बनियनवर धावला. सगळ्या जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या, त्याच्या चड्डीची लांबी कोणी मोजली नाही. मग पोरीचीच का मोजायची?

पालकांनो, एवढे करा. मुलीला कशात खेळता येते ते तिलाच विचारा. हाफ पँट म्हणाली तर हाफ पँट, पायभर ट्रॅक पँट म्हणाली तर ती. शाळेत जाऊन कपडे बदलायला बंद खोली आहे का, मुलींच्या संघाबरोबर बाई आहेत का, हे विचारा. लोक काय म्हणतील याची काळजी नंतर करा.

आमची मुलगी पुढच्या सामन्याला हाफ पँटवर उतरली. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची शेजारच्या केज तालुक्यातली! आमचे सगळे घर टीव्हीसमोर होते. आईने कपड्याचा विषयच काढला नाही. ती आपली दर मिनिटाला नातीला विचारत होती, ‘‘आता किती झाले गं?’’