धूमकेतूचे विष आणि मात्रेचा हिशेब

खानदेशाला आकाशाचे गणित नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. ग्रहांची गती तेव्हा मांडता येत होती. शेंडेनक्षत्र मात्र हिशेबात बसत नव्हते. त्याचा उदय-अस्त गणिताने कळत नाही, असे वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त नोंदवले आहे. जे अचानक येते, ते अपशकुनी ठरते.

हे कोडे एडमंड हॅले यांनी सोडवले. 1531, 1607 आणि 1682 मध्ये दिसलेले धूमकेतू एकच आहेत, हे त्यांनी न्यूटनच्या नियमांवरून ओळखले व तो 1758 च्या सुमारास परतेल असे सांगितले. हॅले 1742 मध्ये वारले. धूमकेतू 1758 च्या नाताळच्या रात्री जर्मनीतील पालिट्श या शेतकऱ्याला दिसला. त्याची कक्षा लांबट आहे: एक टोक शुक्राच्या कक्षेच्या आत, दुसरे नेपच्यूनच्या पलीकडे. एका फेरीला सुमारे 76 वर्षे लागतात.

तारीख कळली, तरी भीती गेली नाही. 1910 मध्ये या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आढळला आणि मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. युरोप-अमेरिकेत लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या. ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विकणाऱ्यांनी पैसा केला. झाले काहीच नाही, कारण शेपटी प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षाही विरळ असते.

विष आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. किती आहे, हेही विचारावे लागते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, त्या कच्च्या कंदातही सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. प्रक्रियेत ती निघून जातात आणि आपण निर्धास्तपणे उपवास करतो. मोबाइलवर ‘अमुक पदार्थात विष’ असा संदेश आला की आधी मात्रा विचारा. त्याच संदेशात औषध विकायला असेल, तर 1910 च्या गोळ्या आठवा.

हॅलेचा धूमकेतू 2023 च्या डिसेंबरात कक्षेच्या दूरच्या टोकाला पोहोचून परत फिरला आहे. जुलै 2061 मध्ये तो सूर्याजवळ असेल. जळगाव-धुळ्यात आज पहिलीत असलेली मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर त्यांनी तो न भिता पाहावा.