माळावरच्या वाड्याची मोजणी

वऱ्हाडात घर गावठाणात आणि शेती शिवारात, अशी जुनी रीत. सकाळी बैल घेऊन शेतात जायचं, दिवेलागणीला गावात परतायचं. त्यामुळे वाशीमच्या एखाद्या माळावर, गावापासून दोन-अडीच मैलांवर, एकट्या घराचं जोतं दिसलं की मी थांबतो. इथं कुणीतरी गाव सोडून राहायचं ठरवलं होतं. का ठरवलं, हे कागदावर सापडत नाही, जमिनीवर शोधावं लागतं.

मी भूकरमापक होतो. नोकरीची वर्षं धुऱ्यांची भांडणं मिटवण्यात गेली. आता निवृत्तीनंतर उजाड वाडे मोजतो. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि 1860 च्या दशकात इथं मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली. 33 फुटांची साखळी, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. ही मोजणी साऱ्यासाठी होती, म्हणून तिने शेत पाहिलं. त्या शेतात कोण राहत होतं, चूल कुठे होती, गुरं कुठे बांधत, हे तिला विचारायचंच नव्हतं. वाशीम म्हटलं की वत्सगुल्म आठवतं, वाकाटकांचा ताम्रपट आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरांतून सारा भरला गेला, त्यांचाही नकाशा कुठेतरी असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सध्या जो वाडा मोजतो आहे, तो मालेगाव तालुक्यातल्या एका उंचवट्यावर आहे. आमचा जिल्हा पाणी दोन्हीकडे वाटतो. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा, अडाण, अरुणावती गोदावरीच्या खोऱ्यात. अशा पाणलोटाच्या कण्यावर माती पातळ, खाली मुरूम. पीक बेताचं, चराई मात्र भरपूर. वाडा इथं असण्याचं पहिलं कारण हेच: ढोरं. सगळ्यांत लांब भिंत घराची नाही, कोठ्याची आहे.

मालकाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी टेप काढायचीच नाही, फक्त फिरायचं. त्यासाठी कार्तिक उत्तम. पुरलेल्या जोत्यावर मातीचा थर पातळ असतो, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. उकिरडा, खड्डा, बुजलेलं पेव यांवर माती खोल, तिथं हिरवं टिकतं. सकाळचं तिरपं ऊन पडलं की दोन बोटांचा उंचवटाही सावली टाकतो आणि खोल्यांच्या ओळी उमटतात. सीताफळीची झुडपंही खूण सांगतात. पडक्या घरांच्या भुसभुशीत मातीत ती हमखास माजतात.

नवख्या माणसाला इथं फक्त ढिगारा दिसतो. तो कसा झाला हे समजलं तर नकाशा सोपा होतो. धाब्याच्या घराला तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर किलचन आणि वर मातीचा जाड थर. घर सोडताना माणसं सागवान आधी काढून नेतात, कारण ते नव्या घरात लागतं. छप्पर गेलं की मातीच्या भिंतीला पावसापासून कुणी वाचवत नाही. ती वरून विरघळत दोन्ही बाजूंना पसरते. म्हणून मी ढिगाऱ्याची कड मोजत नाही, मधली रेघ धरतो. दगडी जोतं बहुधा तिच्याच खाली असतं.

वयाचा अंदाज लहान वस्तूंवरून येतो. इथं ढेलजेजवळ मंगलोरी कौलांचे तुकडे आहेत. ही कौलं बनवण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये काढला, आणि मुंबईहून निघालेली रेल्वे अकोल्यावरून नागपूरला 1867 मध्ये पोचली. म्हणजे ढेलजेचं हे छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. बाकी वाडा जुना असू शकतो.

पण मला सगळ्यांत जास्त सांगते ती विहीर. मोटेच्या विहिरीला उताराची धाव असते. बैल थारोळ्याकडून उतरत जातात, नाडा ओढला जातो, मोट वर येते. बैल जेवढे चालतील तेवढीच मोट चढणार. म्हणून धावेची लांबी मोजली की पाणी किती खोलवरून ओढत होते ते ढोबळमानाने कळतं. इथली धाव 36 फूट भरली. तिच्या टोकाला मात्र आणखी काही फूट खोदून वाढवल्याची खूण आहे, तिथली माती वेगळी आणि कड ओबडधोबड. पाणी खाली गेलं आणि धाव लांबवावी लागली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

त्या घरची म्हातारी आता तालुक्याच्या गावी लेकाकडे असते. तिला खुर्चीवर बसवून आणलं. मी टेप धरलेली पाहून म्हणाली, "भित काय मोजता भाऊ? अठी माही सासू दळत बसे." तिने काठीने जागा दाखवली. तिथंच जात्याची अर्धी तळी निघाली. वाडा का सोडला विचारलं, तर म्हणाली, "बहात्तरले पानी आटलं. मंग पोराईची शाळा गावात. ढोरं इकली, मंग अठी राहून कराव काय?" धावेच्या टोकाला मी जे वाचलं होतं, त्याला 1972 च्या दुष्काळाचा दुजोरा मिळाला. तिचं प्रत्येक वाक्य मी त्या त्या खोलीच्या आकड्याशेजारी लिहिलं आहे. अशी माणसं आहेत तोवरच हे काम होऊ शकतं, भिंती त्यानंतरही काही वर्षं उभ्या राहतील.

धोके दोन. पहिला पेवाचा. ज्वारी साठवायचं हे जमिनीतलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. जुन्या पेवात विषारी हवा साचते आणि तोंडाची माती ढासळते. पूर्वी पेव उघडलं की हवा खेळू देत आणि आत दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. मी तर उतरतच नाही, लांब काठीने खोली घेतो.

दुसरा धोका गुप्तधनाच्या लोभाचा. या वाड्यातही चुलीची जागा रात्रीतून उकरलेली आहे. 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, पण खरं नुकसान त्याहून मोठं आहे. खड्डा मारला की राखेचे, शेणाच्या सारवणाचे थर एकमेकांत मिसळतात आणि कुठला थर आधीचा, हे पुन्हा कधीच सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून पंधरा-एक वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्याचे खड्डे हाती आले, ते तिथले थर शाबूत होते म्हणूनच.

नकाशाच्या तीन प्रती करणार आहे: एक घरच्यांना, एक ग्रामपंचायतीला, एक शाळेला. म्हातारीने दोन पेवं सांगितली होती, एकच सापडलं आहे. दुसरं कोठ्याच्या मागे, चिंचेच्या बाजूला, असं ती म्हणते. चिंच आता नाही. येत्या कार्तिकात तिथलं गवत पुन्हा पाहायचं आहे; खरीप संपला की मालकाचा नातू सोबत येतो म्हणाला आहे.