व्यक्तिछायाचित्र आणि स्वभावदर्शन : एक विवेचन

बीजसंज्ञा : व्यक्तिछायाचित्र, स्वभाव, मुद्रा, प्रकाशयोजना, वसाहतकालीन छायाचित्रण

प्रास्ताविक :

चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे आपण सहजपणे म्हणतो. १८३९ साली डागेरोटाइप ही प्रक्रिया पॅरिस येथे जाहीर झाली आणि पुढील काही वर्षांतच माणसाचा चेहरा यंत्राच्या साहाय्याने टिपता येऊ लागला. त्यामुळे या समजुतीला एक नवा आधार मिळाला. चित्रकार चेहऱ्यात स्वतःच्या कल्पनेची भर घालील. परंतु यंत्र खोटे बोलणार नाही, असा विश्वास त्यामागे होता. व्यक्तिछायाचित्रातून माणसाचा स्वभाव खरोखरच प्रकट होतो काय आणि होत असल्यास तो कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

१. तंत्र आणि मुद्रा :

जुन्या छायाचित्रांतील माणसे बहुधा गंभीर, किंबहुना कठोर दिसतात. त्यावरून त्या पिढीच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्याचा मोह होतो. मात्र, याचे एक प्रमुख कारण तांत्रिक आहे. आरंभीच्या काळात प्रकाशन-काल दीर्घ असे. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावला जाई. हसू इतका वेळ टिकवून धरणे कठीण असल्याने ओठ मिटलेले ठेवणे सोयीचे ठरे. म्हणजेच, आपण ज्याला स्वभाव समजतो, तो पुष्कळदा यंत्राच्या मर्यादेचा परिणाम असतो.

आजही तंत्राचा हा वाटा कमी झालेला नाही. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. म्हणूनच ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रासाठी सामान्यतः ८५ ते १३५ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग वापरतात व अंतर राखतात. खालच्या कोनातून घेतलेले छायाचित्र व्यक्तीला अधिकारसंपन्न दाखवते. बाजूने येणारा प्रकाश सुरकुत्या उठावदार करतो, तर समोरचा मऊ प्रकाश त्या पुसट करतो. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६७ मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. त्यात गडद पार्श्वभूमीतून उजळून येणारा वृद्ध चेहरा चिंतनशील भासतो. हे चिंतन हर्शेल यांचे खरे. परंतु ते आपल्यापर्यंत पोहोचते कॅमेरॉन यांच्या प्रकाशयोजनेतून.

२. एका क्षणाची मुद्रा :

यूसुफ कार्श यांनी घेतलेले विन्स्टन चर्चिल यांचे छायाचित्र या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेत भाषण करून चर्चिल बाहेर आले. छायाचित्राची कल्पना त्यांना आधी देण्यात आली नव्हती. त्यांनी एकाच छायाचित्राला परवानगी दिली आणि सिगार पेटवला. तो बाजूला ठेवण्याची विनंती त्यांनी मानली नाही. तेव्हा कार्श यांनी पुढे होऊन, क्षमा मागत, तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला. कॅमेऱ्याकडे परतताच समोर आलेला संतप्त चेहरा त्यांनी टिपला. युद्धकाळातील ब्रिटनच्या अढळ निर्धाराचे प्रतीक म्हणून हे छायाचित्र जगभर गेले. २०१६ मध्ये चलनात आलेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या ५ पौंडांच्या नोटेवरही तेच आधारभूत ठरले.

ज्या मुद्रेत जगाने निर्धार पाहिला, ती प्रत्यक्षात सिगार गेल्याचा राग होता! मग हे छायाचित्र खोटे मानावे काय? तसे म्हणता येणार नाही. डिवचले असता मागे न हटता समोरच्याकडे रोखून पाहणे, हाही चर्चिल यांच्या स्वभावाचाच भाग होता. परंतु त्याच भेटीत कार्श यांनी घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रात चर्चिल हसत आहेत. ते हसूही तितकेच खरे होते. दोहोंपैकी कोणती मुद्रा म्हणजे चर्चिल, हे काळाच्या गरजेने ठरवले.

३. वस्तू आणि वर्तन :

स्वभाव केवळ चेहऱ्यातूनच प्रकट होतो असे नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात महात्मा गांधींचे छायाचित्र घेतले. त्यापूर्वी त्यांनी स्वतः चरखा चालवण्यास शिकावे, अशी अट घालण्यात आली होती. त्या छायाचित्रात चरखा अग्रभागी आहे. त्यामागे बसलेले गांधीजी खाली मान घालून वाचत आहेत. ते सूत काततही नाहीत आणि कॅमेऱ्याकडे पाहतही नाहीत. डोळे जवळजवळ झाकलेले असूनही साधेपणा, एकाग्रता आणि प्रसिद्धीविषयीची अलिप्तता प्रत्ययास येते. येथे स्वभाव व्यक्त होतो तो वर्तनातून आणि परिसरातून.

४. चेहऱ्यावरून निवाडा :

येथवर व्यक्तींचा विचार केला. त्या सर्व नामवंत होत्या व आपल्या प्रतिमेविषयी त्यांना काही म्हणता येत होते. ज्यांना असा अधिकार नव्हता, त्यांच्या बाबतीत हाच विश्वास घातक ठरला. जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात ८ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील विविध जाती-जमातींच्या व्यक्तींची छायाचित्रे असून सोबतच्या मजकुरात त्या-त्या समूहाच्या स्वभावाविषयी व राजनिष्ठेविषयी शेरे आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची 'ओळख' हवी होती. एका माणसाचा चेहरा संपूर्ण समूहाचा नमुना ठरला आणि त्या माणसाचा स्वतःचा स्वभाव पुसला गेला. १८६९ मध्ये लंडन येथे सय्यद अहमद खान यांनी हा ग्रंथ पाहिला, तेव्हा त्यातील भारतीयांच्या चित्रणाने ते व्यथित झाले.

सहानुभूतीनेही हाच परिणाम घडू शकतो. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका शेतमजूर मातेचे छायाचित्र घेतले. ते अमेरिकेतील महामंदीचे प्रतीक बनले. तथापि, लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव १९७८ मध्ये लोकांसमोर आले. तेव्हा या छायाचित्राचा आपल्याला काहीही लाभ झाला नसल्याची खंत तिने व्यक्त केली. ४० वर्षांहून अधिक काळ जगाने तिच्या चेहऱ्यात दुःख आणि धैर्य वाचले. तिला स्वतःला काय म्हणायचे होते, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, छायाचित्र स्वभाव दाखवते ते एखाद्या भेटीच्या स्वरूपात. काढणारा, काढून घेणारा आणि पाहणारा या तिघांच्या संबंधातून तो अर्थ घडतो. गौतम राजाध्यक्ष यांच्या 'चेहरे' या पुस्तकामुळे मराठी वाचकालाही व्यक्तिचित्र सावकाश पाहण्याची गोडी लागली. अशा वेळी चेहरा काय सांगतो, या प्रश्नासोबतच आणखी काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. हे छायाचित्र कोणी, कोणासाठी व कोणत्या क्षणी काढले? त्यातील व्यक्तीला नकार देता आला असता काय? आज ओळखपत्रापासून भ्रमणध्वनीपर्यंत आपला चेहरा सर्वत्र नोंदला जात असताना हे प्रश्न केवळ कलेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. छायाचित्र पाहून माणूस जाणून घेण्याची इच्छा व्हावी, हे त्या कलेचे यश होय. माणूस कळला असे वाटून निवाडा करणे, हा मात्र पाहणाऱ्याचा दोष होय.